कपाळावरची आठी

परवा टिकल्यांचं पाकीट आणायला गेले, तेव्हा दुकानदार म्हणाला, "काकू, मोठी देऊ का? बारीक टिकली तुमच्या कपाळावर बसत नाही असं मागे म्हणाला होतात." खरंच म्हणाले होते. माझ्या दोन भुवयांच्या मधोमध एक उभी आठी आहे, चांगली खोल. टिकली नेमकी तिच्यावर यायची आणि दुपारपर्यंत एका बाजूने सुटून लोंबायची. हे गाऱ्हाणं मी त्याच्याकडे केलं होतं, आणि स्वतः मात्र पार विसरून गेले होते.

तर आज या आठीबद्दल लिहायचं आहे. नातेवाइकांपैकी जे वाचतायत त्यांना आधीच सांगते, पुढे बोटॉक्सचा विषय आहे. मोठ्या मावशीने लगेच फोन उचलू नये. आधी शेवटपर्यंत वाच, मग रागाव.

सुरुवात झाली भाचीच्या लग्नापासून. नाशिकला लग्न होतं, थंडी छान पडली होती, सगळे मजेत. महिन्याभराने अल्बम आला. पाहते तर प्रत्येक फोटोत सगळे हसतायत आणि मी मात्र केटररशी भांडण उकरून काढल्यासारखी उभी! अक्षता टाकतानाही तेच. मी त्या दिवशी अगदी आनंदात होते हो. चुलतभावजय शेजारी बसून अल्बम बघत होती. ती हळूच म्हणाली, "ताई, रागावू नका, पण करून टाका ना. दहा मिनिटांचं काम. मी दोन वर्षं करतेय." मी तिच्या कपाळाकडे नीट बघितलं. तुकतुकीत. आणि मी तिला इतके दिवस सुखी समजत होते!

मी हसून विषय टाळला. आमच्या घरात असल्या गोष्टींना 'थेरं' म्हणतात. वय ५४, आठ्या पडणारच. केस रंगवते तेवढं पुरे.

पण आईचं काय करायचं, हा प्रश्न त्याच सुमारास मोठा होत चालला होता.

आई ८१ वर्षांची. गेली तीन वर्षं तिला विस्मरणाचा आजार आहे, म्हणजे डॉक्टरी भाषेत डिमेन्शिया. ती माझ्याकडेच असते. माणसांची नावं गेली, जेवली की नाही ते जातं, शब्दही आता बरेचसे निसटतात. पण एक गोष्ट तिला अजून अचूक येते, समोरच्याचा चेहरा वाचायला. मी औषधाच्या डबीवरचं बारीक अक्षर वाचत असले की कपाळाला आठी पडते. आई लगेच हातातलं काम सोडून आखडून बसते आणि विचारते, "काय चुकलं माझं?"

पहिल्यांदा मी हसले. मग दिवसातून पाच वेळा, दहा वेळा. "रागावलीस?" "नाही गं आई." "मग काय चुकलं?" आणि एका संध्याकाळी मी तिच्यासमोर ताट ठेवून काहीतरी विचारात उभी होते, तर ती माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, मीठ जास्त झालं का?"

अहो.

मी बाबांसारखी दिसते हे सगळेच म्हणतात. नाक त्यांचं, कपाळ त्यांचं आणि ही आठीही त्यांचीच. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. ते वाईट नव्हते, हे मी मुद्दाम लिहितेय, कारण वाचणाऱ्यांत त्यांची भावंडं आहेत. कष्टाळू होते, मुलांसाठी जीव टाकायचे. पण त्यांचा राग आमच्या घरात पाहुण्यासारखा नव्हता, तो तिथेच राहायचा. ते फार बोलायचेही नाहीत. पहिला घास घेतला की कपाळाला आठी पडते का, इकडे आम्हा तिघांचं लक्ष. पडली की आईचा हात थांबायचा. आम्ही मुलं मोठी होऊन बाहेर पडलो आणि विसरलो. आईला आज माझं नाव आठवत नाही, पण ती आठी आठवते. आणि आता ती माझ्या चेहऱ्यावरून तिच्यासमोर फिरते.

त्या रात्री मी पहिल्यांदा भावजयीला स्वतःहून फोन केला.

आता थोडी माहिती, कारण मी काहीही करण्याआधी वाचत बसते हे तुम्हाला ठाऊक आहे. बोटॉक्स हे खरं तर एका कंपनीच्या औषधाचं नाव. झेरॉक्स म्हणतो तसं ते आपण सरसकट वापरतो. मूळ द्रव्य बोट्युलिनम टॉक्सिन, म्हणजे चक्क विष. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जंतू ते तयार करतो. नीट न टिकवलेल्या डबाबंद अन्नात किंवा मांसात तो वाढला तर माणूस लुळा पडून दगावू शकतो. लॅटिनमध्ये 'बोट्युलस' म्हणजे सॉसेज. जर्मनीत १८२० च्या सुमारास युस्टिनुस केर्नर नावाच्या डॉक्टरने खराब सॉसेज खाऊन आजारी पडलेल्यांच्या बारीक नोंदी केल्या. हा गृहस्थ कवीही होता. हेच विष कधीतरी औषध म्हणून वापरता येईल असं त्याने तेव्हाच लिहून ठेवलं होतं! पुढे १८९५ साली बेल्जियममधल्या एका गावात मांस खाऊन वादक मंडळी आजारी पडली आणि त्यातून एमिल व्हान एर्मेन्गेम यांनी तो जंतू शोधून काढला.

औषध व्हायला मात्र जवळजवळ शंभर वर्षं जावी लागली. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट तिरळेपणावर उपाय शोधत होते. डोळा ओढणारा स्नायू थोडा सैल करायचा, तर हे विष अगदी अल्प प्रमाणात टोचून बघू, हा त्यांचा विचार. १९८९ मध्ये अमेरिकेत तिरळेपणासाठी आणि पापण्या आपोआप गच्च मिटण्याच्या विकारासाठी त्याला मान्यता मिळाली. सुरकुत्यांची गोष्ट कॅनडातली. व्हँकुव्हरला जीन कॅरुथर्स या डोळ्यांच्या डॉक्टर पापण्यांच्या विकारासाठी ही इंजेक्शनं द्यायच्या. १९८७ मध्ये त्यांच्या एका पेशंटबाईंनी तक्रार केली की या वेळी भुवयांच्या मध्ये टोचलं नाहीत, तिथे टोचलंत की माझा चेहरा कसा शांत दिसतो! जीनबाईंचे यजमान ॲलिस्टर त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी मिळून काम केलं, १९९२ मध्ये निबंध छापला आणि २००२ मध्ये भुवयांमधल्या आठीसाठी अमेरिकेची मान्यता आली. डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्यांसाठी २०१३ मध्ये, कपाळावरच्या आडव्या रेघांसाठी २०१७ मध्ये. मधल्या काळात काखेत अति घाम येणं, जुनाट अर्धशिशी, लघवी न आवरणं यांवरही ते वापरात आलं. म्हणजे 'थेरं' म्हणून मी ज्याला नाक मुरडत होते, त्याचं मूळ काम दुखणाऱ्यांचंच होतं.

भावजयीने सांगितलेल्या ठिकाणी मी गेले नाही. तिथे आठवड्याच्या 'ऑफर' असतात, आणि इंजेक्शनवर ऑफर हे मला झेपलं नाही. आमच्या जवळच एक त्वचारोगतज्ज्ञ बाई आहेत, माझ्या पायावरचा इसब त्यांनीच बरा केला होता. त्यांच्याकडे गेले.

त्या म्हणाल्या, "रागावून दाखवा." मी म्हटलं, असं कसं रागावणार? "मोलकरीण सांगून न येता चार दिवस आली नाही असं समजा." झालं, उमटली आठी. मग म्हणाल्या, "आता चेहरा सैल सोडा." आरसा दिला. रेघ पुसट झाली, पण गेली नाही.

मग त्यांनी समजावलं ते असं. सुरकुत्या दोन प्रकारच्या. एक, चेहरा हलला की दिसते आणि सोडला की जाते. दुसरी, चेहरा स्वस्थ असतानाही मुक्कामाला असते. भुवया आत ओढणारे स्नायू लहान असतात, पण वर्षानुवर्षं तीच घडी पडत राहिली की कातडीत रेघ कोरली जाते. मला पैठणी आठवली. तीच घडी वर्षानुवर्षं ठेवली की जर तिथे मोडतो, म्हणून आई दरवर्षी पैठणी काढून घडी बदलून ठेवायची. इंजेक्शन स्नायूकडे जाणारा निरोप अडवतं. मज्जातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं आणि त्यामुळे स्नायू आवळतो. हे औषध ते सुटूच देत नाही. स्नायू सैल, घडी पडत नाही. पण आधीच मोडलेला जर ते जोडत नाही. कोरलेली रेघ जरा उथळ होईल, पूर्ण जाणार नाही. गालावरचे खळगे, ओघळलेली कातडी यांवर त्याचा उपयोग नाही. त्यासाठी भर घालणारे फिलर असतात, ती वेगळी गोष्ट. आणि हो, पार्लरच्या पाट्यांवर 'हेअर बोटॉक्स' लिहिलेलं असतं त्यात हे विष नसतंच, ते केसांना मऊ करणारं लेपण असतं!

दोन ते पाच दिवसांत परिणाम सुरू, दोन आठवड्यांत पूर्ण, तीन-चार महिन्यांत ओसरतो. "म्हणजे आवडलं नाही तर जाईल, आणि आवडलं तरी जाईल," असं बाई म्हणाल्या. ते मला फार आवडलं.

त्यांनी बरंच विचारलं. स्नायूंचा किंवा नसांचा आजार आहे का, मायस्थेनियासारखा? गिळायला, श्वासाला त्रास? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या? सध्या कुठली अँटिबायोटिक? गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना त्या देत नाहीत. धोकेही सांगितले. डोकं दुखणं, काळंनिळं होणं हे साधं. औषध जरा सरकलं तर पापणी खाली येऊ शकते, ती काही आठवड्यांत सावरते, पण तोवर डोळा अर्धा मिटलेला. क्वचित विष लांब पसरून गिळण्या-बोलण्याला किंवा श्वासाला त्रास होऊ शकतो, तसं झालं तर थेट दवाखाना गाठायचा. म्हणून कोण टोचतंय आणि काय टोचतंय हे महत्त्वाचं. २०२४ मध्ये अमेरिकेत नकली किंवा चुकीच्या पद्धतीने हाताळलेली इंजेक्शनं घेऊन माणसं इस्पितळात गेल्याचं तिथल्या सरकारी आरोग्य खात्यानेच जाहीर केलं होतं. "कुपी तुमच्यासमोर फोडायला सांगा," बाई म्हणाल्या, "आणि एका ब्रँडचं युनिट म्हणजे दुसऱ्याचं युनिट नव्हे, हेही लक्षात ठेवा. नुसता आकडा ऐकून भाव करू नका."

मग त्यांनी तो प्रश्न विचारला. "आत्ताच का करावंसं वाटलं?"

मी सगळं सांगितलं. बाबा, आई, मीठ. सांगताना घसा दाटला. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "कोणी नवरा परत यावा म्हणून येतं, कोणी नोकरी टिकावी म्हणून. वीस-बावीस वर्षांच्या मुली सेल्फी घेऊन येतात, त्यांना मी सनस्क्रीन लिहून देऊन परत पाठवते. तुमचं कारण मी पहिल्यांदाच ऐकतेय. आठी मी सैल करू शकते. आईंची भीती जाईल असं मात्र मी सांगणार नाही. घरी जा, आठवडा विचार करा."

मी आठवडा विचार केला. अजून एक गोष्ट वाचली होती ती डोक्यात होती. २०११ मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी मांडलं होतं की समोरच्याचा चेहरा वाचताना आपण नकळत त्याची किंचित नक्कल करतो, आणि बोटॉक्स घेतलेल्यांना दुसऱ्याच्या भावना ओळखणं थोडं जड जातं. आईला मी नीट दिसावी म्हणून करायला जायचं आणि आईच मला कमी दिसायला लागली तर? बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, अशा अभ्यासांवर एकमत नाही, आणि आपण फक्त दोन भुवयांमधलीच जागा घेतोय, सगळा चेहरा नाही.

शेवटी केलं. पाच ठिकाणी चार-चार, अशी २० युनिटं. आधी बर्फ लावला. लाल मुंगी चावल्यासारखं पाच वेळा वाटलं, बस्स. तो दिवस चोळायचं नाही, काही तास आडवं व्हायचं नाही, व्यायाम नाही. घरी येऊन चहा केला. नवऱ्याला सांगितलं नव्हतं. दहाव्या दिवशी तो म्हणाला, "आज झोप चांगली झालेली दिसतेय तुझी." मी म्हटलं, हो.

गंमत म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मी आठी घालायला जायचे आणि ती पडायचीच नाही. दाराला कडी लावायला हात जावा आणि तिथे कडीच नसावी, तसं. दिवसातून किती वेळा माझं कपाळ आवळत होतं हे मला तेव्हा कळलं. दूध उतू गेलं, आवळलं. फोन वाजला, आवळलं. आईने पाचव्यांदा तोच प्रश्न विचारला, आवळलं. म्हणजे आई उगाच नव्हती म्हणत.

आणि आई? खरं सांगते, कमी झालं. अगदी गेलं नाही, पण "काय चुकलं" दिवसाला एखाद-दोन वेळांवर आलं. एकदा तर तिने माझ्या कपाळावरून अंगठा फिरवला, कुंकू पुसून नीट करतात तसा, आणि काही न बोलता खिडकीकडे बघत बसली.

पण श्रेय कुणाला द्यायचं ते मला कळत नाही. त्याच महिन्यात आम्ही दिवसा एक मदतनीस ताई ठेवल्या. मी दुपारी झोपायला लागले. दादा अमेरिकेहून रोज व्हिडिओवर बोलायला लागला. शास्त्राच्या भाषेत हा प्रयोग पार फसलेला, एका वेळी चार गोष्टी बदलल्या!

आणि एक संध्याकाळ लिहिलीच पाहिजे. आईने नळ उघडा टाकून बाथरूमभर पाणी केलं. मी आतून ओरडले, "आई, किती वेळा सांगायचं!" आरशासमोरच उभी होते. कपाळ गुळगुळीत, एक रेघ नाही. आई दाराशी पदर मुठीत धरून उभी. "काय चुकलं माझं?" तिने या वेळी माझा चेहरा पाहिलाही नव्हता, ती खाली पाण्याकडे बघत होती. तो आवाज तिच्या ओळखीचा होता.

त्या रात्री मला झोप आली नाही. आवाज सैल करायचं इंजेक्शन नाही निघालेलं.

आता कुणी विचारलं, करावं का, तर माझ्यापुरतं उत्तर असं. चेहरा हलवल्यावर पडणारी रेघ त्रास देत असेल, तब्येत ठीक असेल, दर तीन-चार महिन्यांचा खर्च झेपणार असेल (माझ्याकडून युनिटला साडेतीनशे रुपये घेतले, हिशेब करा) आणि समोर पदवीचा त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन असेल, तर यात लाज वाटण्यासारखं काही नाही. लग्नासाठी करायचं तर निदान महिनाभर आधी, आणि पहिला प्रयोग तर आणखीच आधी. कुणी टोमणा मारला म्हणून, किंवा काही दुःख त्याने जाईल म्हणून करायचं असेल, तर थांबा. आणि करा न करा, उन्हाला जपा. २०१२ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात एका अमेरिकन ट्रकचालकाचा फोटो छापला होता. २८ वर्षं खिडकीकडची डावी बाजू उन्हात, त्या अर्ध्या चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं आणि उजवा अर्धा बराच तरुण. सनस्क्रीनची ट्यूब बोटॉक्सपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.

या गोष्टीला आता साडेचार महिने झाले. आठी परत आलीय, पहिल्यापेक्षा जरा उथळ. बारीक टिकली अजून तरी बसते, दुकानदाराला तसं सांगून आले. बाईंकडची पुढच्या आठवड्याची वेळ घेऊन ठेवलीय, जाईन की नाही ठरवलेलं नाही. तोवर एक करते. आईच्या खोलीत जायच्या आधी दाराशी थांबते, कपाळावर बोट ठेवून बघते आवळलंय का, एक श्वास घेते आणि मग आत जाते. कधी जमतं, कधी नाही.

आज सकाळी जमलं. आईने विचारलं, "तुम्ही कोण?" मी म्हटलं, "तुझी मुलगी." ती म्हणाली, "बरं झालं आलात, चहा घेऊन जा."

मावशी, आता कर फोन. पण दुपारी दोनच्या आत नको, मी झोपलेली असते.